ग्रंथाधार कसा द्यावा?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत आलें असेल कीं, तळटीपा, ग्रंथसूची आणि पृष्ठांक हा प्राध्यापकांचा आणि संशोधकांचा व्यवहार आहे. घरीं बसून भाषण ऐकणाऱ्या माणसाला त्याच्याशीं काय कर्तव्य? शंका वाजवी आहे. परंतु आपल्या घरांत दररोज चालणारें संभाषण क्षणभर आठवून पाहावें. "शास्त्रांत असें सांगितलें आहे," "महाभारतांत हें स्पष्ट लिहिलें आहे," "अमक्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें कबूल केलें होतें," अशीं वाक्यें आपण बोलतों, ऐकतों, आणि त्यांच्या बळावर आपलीं मतें बनवितों. हीं सर्व वाक्यें आधार देणारींच आहेत. फक्त तो आधार कोठें सांपडेल एवढेंच तीं सांगत नाहींत. आधाराचा आभास आणि खरा आधार यांत किती अंतर असतें, आणि तें अंतर राहूं नये म्हणून विद्वानांनीं कोणती रीत पाडली आहे, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊं. मेकॉलेच्या नांवावर एक उतारा आपल्याकडे फार प्रसिद्ध आहे. त्याचा भावार्थ असा: आपण हिंदुस्थानभर फिरलों, परंतु भिकारी किंवा चोर असा एकहि माणूस आपल्याला दिसला नाहीं, या देशाचा कणा म्हणजे त्याची संस्कृति, आणि तो मोडावयाचा तर येथील शिक्षणपद्धतिच बदलली पाहिजे. हे उद्गार मेकॉलेनें २ फेब्रुवारी १८३५ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटांत काढले, असें उताऱ्याखालीं छापलेलें असतें. वक्त्याचें नांव आहे, स्थळ आहे, तारीख आहे. वाचणाऱ्याला वाटतें, आणखी पुरावा तो काय हवा?

परंतु नेमक्या याच तपशिलानें तो उतारा उघडा पडतो. मेकॉले जून १८३४ मध्यें मद्रासेस उतरला आणि १८३८ च्या आरंभापर्यंत हिंदुस्थानांतच होता. त्या काळीं विलायतेच्या जलप्रवासास कित्येक महिने लागत. २ फेब्रुवारी १८३५ या दिवशीं तो लंडनला नव्हता, कलकत्त्यास होता. आणि त्याच तारखेचें त्याचें शिक्षणविषयक टिपण आजहि उपलब्ध आहे. त्या टिपणांत हा उतारा नाहीं. मात्र युरोपांतील एखाद्या चांगल्या ग्रंथालयाची एक फळी हिंदुस्थान व अरबस्तान यांच्या समग्र वाङ्मयाच्या तोलाची आहे, अशा अर्थाचें विधान त्यांत आहे. म्हणजे ज्याला मेकॉलेवर टीका करावयाची आहे, त्याला खरा कागद पुरेसा आहे. खोटा कागद हातीं घेऊन तो वादांत उतरला, तर प्रतिपक्षाला मेकॉलेचें समर्थन करण्याची गरजच उरत नाहीं. तारखेवर बोट ठेवलें कीं काम भागतें. मग खऱ्या तक्रारीलाहि कोणी कान देत नाहीं.

या उदाहरणावरून आधाराचा खरा हेतु ध्यानांत येईल. आधार हा लेखाला चढविलेला अलंकार नव्हे, किंवा आपण किती वाचलें आहे हें दाखविण्याचें साधनहि नव्हे. "मी सांगतों तें या ठिकाणीं आहे; आपण स्वतः जाऊन पाहा," असें लेखकानें वाचकाला दिलेलें तें निमंत्रण आहे. हें निमंत्रण स्वीकारून कोणी खरोखर पाहावयास गेला, तरच खरें आणि खोटें वेगळें होतें.

ही वृत्ति परकी आहे असें कोणी समजूं नये. संस्कृत टीकाकार मल्लिनाथ आपल्या टीकेच्या आरंभीं अशी प्रतिज्ञा करितो कीं, ज्याला मूळ नाहीं असें आपण कांहीं लिहिणार नाहीं, आणि ज्याची अपेक्षा नाहीं असें कांहीं सांगणार नाहीं. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि शेवटीं बजावून ठेविलें कीं, जो कोणी या ग्रंथांत आपली ओवी घालील, त्यानें अमृताच्या ताटांत नरोटी ठेविली असें समजावें. दुसऱ्याचे शब्द कोणते आणि आपले कोणते, यांची सरमिसळ होऊं नये, हाच आजच्या अवतरणचिन्हांचाहि हेतु आहे.

मग आधुनिक पद्धतींत नवें काय आहे? नवा आहे तो नेमका पत्ता. हस्तलिखित पोथीच्या काळीं प्रत्येक प्रतीचीं पानें निराळीं असत. म्हणून अध्याय व श्लोक सांगण्यापलीकडे जातां येत नसे. छापखाना आल्यावर एका आवृत्तीच्या हजार प्रतींत तेंच वाक्य त्याच पानावर येऊं लागलें, आणि दूरच्या गांवीं बसलेल्या वाचकाला लेखकानें पाहिलेलें पान पाहतां येऊं लागलें. परंतु त्यासाठीं पत्ता पुरा हवा. पाकिटावर नुसतें "जोशी, सदाशिव पेठ, पुणें" असें लिहिलें, तर पोस्टमन बिचारा काय करील? ग्रंथाच्या पत्त्याचेंहि तसेंच आहे. त्यांत पांच प्रश्नांचीं उत्तरें असावीं लागतात: कोणीं लिहिलें? केव्हां प्रसिद्ध झालें? ग्रंथाचें नांव काय? कोणती आवृत्ति, आणि ती कोठें व कोणीं प्रसिद्ध केली? शेवटीं, कोणत्या पानावर? जगांतील सर्व संदर्भपद्धति या पांच प्रश्नांभोंवतींच फिरतात.

यांपैकीं आवृत्तीचा प्रश्न आपल्याकडे फार हयगयीनें सोडून देतात. म्हणून त्याचें एक उदाहरण देतों. भगवद्गीता ही महाभारताच्या भीष्मपर्वांत आहे. नीलकंठाच्या टीकेसह छापलेल्या प्रचलित प्रतींत गीतेचे अठरा अध्याय हे भीष्मपर्वाचे २५ ते ४२ असे आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरी केलेली चिकित्सक आवृत्ति घेतली, तर तिच्यांत तेच अध्याय २३ ते ४० असे येतात. आतां "भीष्मपर्व, अध्याय २५" एवढाच आधार कोणीं दिला, तर एका वाचकाच्या हातीं अर्जुनाच्या विषादाचा अध्याय येईल आणि दुसऱ्याच्या हातीं कर्मयोगाचा. दोघेहि लेखकाला खोटें ठरवितील किंवा एकमेकांशीं भांडतील, आणि चूक मात्र आवृत्तीचें नांव गाळणाऱ्याची असेल. त्याचप्रमाणें, गणपतीनें महाभारत लिहून घेतल्याची कथा आपल्याला बालपणापासून माहीत आहे; परंतु चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेंत ती नाहीं, परिशिष्टांत आहे. "महाभारतांत आहे" हें वाक्य म्हणूनच अपुरें आहे. कोणत्या महाभारतांत, हें सांगावें लागतें.

या पांच उत्तरांची मांडणी कशी करावी, यासंबंधीं मुख्यतः दोन रूढि आहेत. पहिली टीपांची. मजकुरांत वाक्याच्या शेवटीं लहानसा आंकडा घालावयाचा, आणि त्याच आंकड्यानें पानाच्या तळाशीं किंवा प्रकरणाच्या शेवटीं संपूर्ण आधार द्यावयाचा. इतिहास आणि वाङ्मय यांच्या अभ्यासकांना ही रूढि सोयीची वाटते, कारण टीपेंत मूळ उतारा देतां येतो व त्यावर थोडी चर्चाहि करितां येते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास पांच खंडांत, १९३० ते १९६२ या काळांत, इंग्रजींत प्रसिद्ध केला. त्याचीं पानें कोणींहि उघडून पाहावीं. वर इंग्रजी विवेचन आणि खालीं टीपांमध्यें मूळ संस्कृत वचनें व तीं ज्यांतून घेतलीं त्या ग्रंथांचीं नांवें, अशी रचना जागोजाग आढळते. काण्यांचा निष्कर्ष ज्याला पटत नाहीं, त्याच्याशीं वाद घालण्याचें साहित्य काण्यांनींच त्याच्या हातीं दिलेलें आहे. पंडिताचा उदारपणा यापरता कोणता असूं शकेल?

दुसरी रूढि लेखक आणि वर्ष यांची. तिला हार्वर्ड पद्धति असें नांव पडलें आहे. हार्वर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनीं १८८१ सालीं गोगलगाईच्या वर्गांतील एका प्राण्याच्या अंड्यांविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत ती आढळते. हींत मजकुरामध्येंच कंसांत लेखकाचें आडनांव, प्रकाशनाचें वर्ष आणि पृष्ठांक एवढेंच द्यावयाचें. बाकीचा तपशील लेखाच्या शेवटीं आडनांवांच्या वर्णानुक्रमानें रचलेल्या सूचींत येतो. शास्त्रीय विषयांत कोणाचा शोध आधींचा आणि कोणाचा नंतरचा याला फार महत्त्व असतें. म्हणून वर्ष हें नांवाला चिकटून येतें. काण्यांच्या पहिल्या खंडाचेंच उदाहरण घेतलें, तर मजकुरांत "काणे १९३०" आणि त्यापुढें पानाचा आंकडा एवढें पुरतें. सूचींत मात्र प्रथम आडनांव, मग स्वल्पविराम देऊन "पांडुरंग वामन", मग वर्ष, मग ग्रंथाचें नांव व खंडाचा अंक, आणि शेवटीं प्रकाशनस्थळ पुणें व प्रकाशक भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, असा क्रम लागतो.

या दोन रूढींचीं नियमपुस्तकें निरनिराळ्या संस्थांनीं काढलीं आहेत. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेचें पुस्तक प्रथम १९०६ सालीं निघालें, आणि त्याच्या आजच्या आवृत्तींत दोन्ही रूढि सांगितलेल्या आहेत. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या नियमांचा आरंभ १९२९ सालच्या अवघ्या सात पानांच्या एका लेखानें झाला; त्यांची सातवी आवृत्ति चारशेंहून अधिक पानांची आहे. स्वल्पविराम कोठें द्यावा, ग्रंथाचें नांव तिरप्या अक्षरांत छापावें कीं नाहीं, तीन लेखक असल्यास काय करावें, असे शेंकडों बारकावे तेथें सांगितलेले असतात. ते पाहून विद्यार्थी गांगरतो. त्याला एवढेंच सांगावें कीं, आपल्या विद्यापीठानें किंवा मासिकानें जी पद्धति नेमून दिली असेल ती घ्यावी, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच पाळावी. स्वल्पविरामाची जागा चुकली तर वाचक वाट चुकत नाहीं. पृष्ठांक चुकला तर चुकतो. तेव्हां सर्व नियम सारख्याच भीतीनें पाळण्याचें कारण नाहीं.

मराठी ग्रंथांचा आधार देतांना मात्र कांहीं अडचणी अशा येतात कीं, परदेशी नियमपुस्तकांत त्यांचीं उत्तरें सहसा सांपडत नाहींत. पहिली नांवांची. ह. ना. आपटे आणि ना. ह. आपटे हे दोघेहि मराठीचे कादंबरीकार. पहिले "पण लक्षांत कोण घेतो" लिहिणारे हरि नारायण, दुसरे "न पटणारी गोष्ट" लिहिणारे नारायण हरि. दोन आद्याक्षरांची अदलाबदल झाली कीं एकाची कादंबरी दुसऱ्याच्या पदरांत पडते. म्हणून मराठी सूचींत शक्य तेथें पूर्ण नांव द्यावें. टोपणनांवाच्या बाबतींत ग्रंथावर जें नांव छापलेलें असेल तेंच द्यावें, आणि कंसांत खरें नांव घालावें. कुसुमाग्रजांचा काव्यसंग्रह "शिरवाडकर" या नांवाखालीं शोधणारा वाचक त्यामुळें अडणार नाहीं. संतकवींना आडनांवाच्या चौकटींत बसविण्याचा अट्टाहास करूं नये. ज्ञानेश्वर हे ज्ञानेश्वर याच नांवाखालीं यावेत. परंतु ओवीच्या अंकाबरोबर आवृत्ति अवश्य सांगावी, कारण ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची संख्या आणि तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक छापील प्रतींत सर्वत्र सारखे नाहींत.

दुसरी अडचण शकाची. जुन्या मराठी पुस्तकांवर व कागदांवर शालिवाहन शक असतो, आणि त्यांत ७८ मिळवले कीं इसवी सन येतो असें आपण शाळेंत शिकतों. हें वर्षांतील सुमारें नऊ महिनेच खरें आहे. शकाचें वर्ष चैत्रांत सुरू होतें. जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. जेधे शकावलींत शिवाजीमहाराजांच्या जन्माची तिथि फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी आहे. येथें ७८ मिळविले तर १६२९ साल येईल, आणि तें चुकीचें होईल; बरोबर तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही आहे. म्हणून मूळांत शक असेल तर शकच द्यावा, आणि इसवी सन कंसांत, हिशेब करून, द्यावा.

आतां प्रश्न असा कीं, आधार कोठें द्यावा आणि कोठें देऊं नये? शिवराज्याभिषेक १६७४ सालीं झाला, याला आधार नको. तें सर्वमान्य आहे. परंतु महाराजांच्या जन्मवर्षासंबंधीं मोठा वाद झालेला आहे. त्यांत एक पक्ष स्वीकारला कीं आधार हवाच. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर अवतरणचिन्हें हवीं आणि पृष्ठांकहि हवा. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला, तरी आधार हवा. येथेंच पुष्कळांचा गैरसमज असतो: शब्द बदलले कीं ऋण फिटलें असें त्यांना वाटतें. दागिना मोडून नवा घडविला म्हणून सोनें आपलें होत नाहीं. आणखी एक पथ्य असें कीं, जो ग्रंथ आपण स्वतः पाहिला नाहीं, त्याचें नांव आपल्या सूचींत घालूं नये. मिताक्षरेंतील एखादें वचन काण्यांच्या तळटीपेंत सांपडलें असेल, तर "मिताक्षरा, काणे यांनीं दिल्याप्रमाणें" असेंच लिहावें. त्यांत कमीपणा नाहीं. उलट, मूळ ग्रंथ न पाहतां त्याचा आधार दिला, तर मधल्या लेखकाच्या हातून झालेली चूक आपण आपल्या नांवावर करून घेतों.

हा केवळ शिष्टाचाराचा भाग राहिलेला नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्यासंबंधीं नियम केले. त्यांत प्रबंधांतील दुसऱ्याच्या लेखनाशीं जुळणाऱ्या मजकुराच्या प्रमाणावर शिक्षा ठरविलेली आहे. शेंकडा १० पर्यंत दंड नाहीं. त्यापुढें ४० पर्यंत, सहा महिन्यांच्या आंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. ६० पर्यंत, एक वर्ष प्रबंध देण्यास मनाई. आणि त्याहून अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द. योग्य रीतीनें आधार देऊन घेतलेलीं अवतरणें मात्र या मोजणींतून वगळलेलीं आहेत. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी कित्येक वर्षें प्रबंधासाठीं झटत असेल, त्या घराला या वगळणुकीची किंमत सांगावयास नको.

अलीकडे एक नवें संकट उभें राहिलें आहे. संगणकाच्या जाळ्यावरील मजकूर आज असतो आणि उद्यां नाहींसा होतो. म्हणून तेथील आधार देतांना लेखक, शीर्षक, संकेतस्थळ आणि संपूर्ण पत्ता यांबरोबर आपण तो मजकूर कोणत्या दिवशीं पाहिला तें लिहावें. २००० सालापासून विद्वत्तापूर्ण लेखांना एक कायम क्रमांक देण्याची व्यवस्था सुरू झाली आहे. लेखाची जागा बदलली तरी तो क्रमांक बदलत नाहीं, म्हणून असेल तेथें तो अवश्य द्यावा. परंतु याहून गंभीर गोष्ट अशी कीं, आतां प्रश्न विचारतांच निबंध लिहून देणारीं यंत्रें आलीं आहेत, आणि तीं आधारहि लिहून देतात. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयांत, एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यांत, वादीच्या वकिलांनीं पूर्वीच्या निकालांचे दाखले सादर केले. पक्षकारांचीं नांवें, न्यायालय, वर्ष, सगळें रीतसर होतें. शोध घेतां असे निकाल झालेच नव्हते, असें आढळून आलें. ते यंत्रानें रचलेले होते. न्यायाधीशांनीं पांच हजार डॉलर दंड केला. येथें स्वल्पविरामाची चूक नव्हती, क्रमाची चूक नव्हती. फक्त वाटेच्या शेवटीं घर नव्हतें. मेकॉलेच्या उताऱ्याचा आणि या दाखल्यांचा जातिधर्म एकच आहे. दोन्ही ठिकाणीं पत्ता पूर्ण दिसतो, आणि दोन्ही ठिकाणीं तेथें कोणी जाऊन पाहिलेलें नसतें.

म्हणून आपल्या घरांतील विद्यार्थ्यांना एकच संवय लावावी. पुस्तक हातीं घेतलें कीं उतारा लिहून घेण्यापूर्वीं लेखक, ग्रंथ, आवृत्ति, वर्ष आणि पान हीं पांच उत्तरें वहींत उतरून घ्यावीं, आणि मग उतारा अवतरणचिन्हांत लिहावा. आपली टिपणी निराळ्या शाईनें किंवा निराळ्या ओळीवर असावी. महिन्यानंतर वही उघडली असतां कोणते शब्द ग्रंथकाराचे आणि कोणते आपले, हें आठवत बसण्याची पाळी येणार नाहीं. प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यांत हरवलेला पृष्ठांक शोधण्यांत जो वेळ जातो, त्याच्या मानानें हे दोन मिनिटांचे श्रम कांहींच नाहींत.

आणि जे प्रबंध लिहीत नाहींत, त्यांच्यासाठीं एक विनंति. घरांत, सभेंत किंवा वर्तमानपत्रांत "शास्त्रांत असें सांगितलें आहे" हें वाक्य कानांवर किंवा दृष्टीस आलें, तर "कोणत्या ग्रंथांत, कोणत्या ठिकाणीं?" असें सौम्यपणें विचारावें. हा अविश्वास नव्हे. निमंत्रण मागून घेणें आहे. हाच प्रश्न उद्यां आपल्याला कोणी, कदाचित् आपल्याच घरांतील लहान मुलानें, विचारला तर रागावूं नये. कपाटांतलें पुस्तक काढून तें पान त्याला उघडून दाखवावें. आणि तें वाक्य तेथें नसेल, तर "नाहीं" असें त्याच्यादेखत म्हणावें.